मुलींचा कोडिंगवर्ग सुरू करताय? माऊस कुणाच्या हातात आहे ते आधी बघा

पुण्यातली सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी सोडून मी चार वर्षांपूर्वी तालुक्याला परत आले आणि वाचनालयाच्या वरच्या खोलीत सातवी ते नववीच्या मुलांसाठी शनिवारचा कोडिंगवर्ग काढला. पहिल्या शनिवारी १४ मुली आल्या आणि ९ मुलगे. चौथ्या शनिवारी मुलगे ९च होते, मुली ५. मला वाटलं, विषय जड गेला. मग न येणाऱ्या एकीची आई बाजारात भेटली. ती म्हणाली, "ताई, तुमचं सुटतंय साडेसहाला, अंधार पडतो. आणि पोरगी म्हणती, तिथं हात लावायलाच मिळत नाही."

मी दहा वर्षं दुसऱ्यांच्या प्रोग्राममधले दोष शोधायचा पगार घेतला होता. माझ्या वर्गातले दोन दोष मात्र भाजी घेता घेता दुसऱ्याच कुणी दाखवले.

त्यानंतरच्या बॅचेसमधून जे हाती लागलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. तुम्ही शिक्षिका असा, पालक असा, इंजिनिअरिंगला शिकणारी गावातली ताई असा. प्रोग्रामिंगमध्ये पारंगत असण्याची गरज नाही. मुलींपेक्षा दोन शनिवार पुढे असलात तरी निभावतं.

१. आधी वेळ आणि वाट

अभ्यासक्रम नंतर. आधी मुलगी येणार कशी आणि घरी किती वाजता पोचणार, हे कागदावर मांडा. आमच्याकडे शनिवारी सकाळची शाळा असते. शाळा सुटल्यावर मुली दप्तरासकट थेट येतात, डबा खातात, दीड तास बसतात आणि भर दुपारी घरी जातात. वेगळं निघायचं नाही, वेगळी परवानगी नाही, सोडायला भावाची मनधरणी नाही. फक्त वेळ बदलल्याने जेवढ्या मुली टिकल्या, तेवढ्या मी शिकवण्यात केलेल्या कुठल्याही सुधारणेने टिकल्या नाहीत.

बॅच ८ शनिवारांची ठेवा. एक जुलैत सुरू करा, दुसरी दिवाळीच्या सुट्टीनंतर. सहामाहीच्या तोंडावर सुरू केलीत तर अर्ध्या मुली क्लासवाल्यांकडे जातील, आणि आठवीच्या मुली एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीत असतात हेही धरून चाला.

स्वच्छतागृह आहे का, त्याला आतून कडी आहे का, हे स्वतः जाऊन बघा. कडी नव्हती म्हणून एक चांगली, फुकटची जागा मी नाकारली आहे.

मुलगे-मुली एकत्र की वेगळे? माझं उत्तर: पहिले ८ शनिवार वेगळे, नंतर एकत्र. मुलग्यांवर माझा राग नाही. पण मोबाईलवर गेम खेळून सरावलेला मुलगा शेजारी असला की माऊस त्याच्याकडे सरकतो आणि मुलगी वहीत छान अक्षरात नोंदी घेत बसते. आठ आठवड्यांनी तीच मुलगी "सरक" म्हणते. तेव्हा एकत्र करा.

२. कागदपत्रं

कंटाळवाणं प्रकरण, पण एकदाच करायचं आहे.

– जागेसाठी परवानगीचा अर्ज: शाळा असेल तर मुख्याध्यापकांना, वाचनालय असेल तर कार्यकारिणीला. वार, वेळ आणि वर्गात हजर राहणाऱ्या मोठ्या माणसांची नावं लिहा. मुख्याध्यापक साशंक असतील तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंगचा उल्लेख आहे, तो परिच्छेद जोडा. शासकीय कागदाला शासकीय कागदच समजतो.
– पालकांचं संमतीपत्र, मराठीत, एकाच पानावर. शक्यतो आईचीही सही घ्या.
– फोटोसाठी वेगळी संमती. ती नसेल तर फोटो काढायचा, पण हातांचा आणि स्क्रीनचा.
– हजेरीची वही आणि प्रत्येकीच्या घरचे दोन फोन नंबर.

मुलींच्या नावाने ऑनलाइन खाती उघडण्याची घाई करू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालची व्यक्ती बालक आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. आपण वापरणार आहोत स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम रचायचं मोफत साधन. सुदैवाने त्यावर काम करायला खातं लागतच नाही. फाईल संगणकावर जपता येते. पुढे कुणी खातं काढलंच तर वापरकर्ता नावात खरं नाव, शाळा, गाव, जन्मवर्ष यातलं काहीही नको.

३. सामान

१२ मुलींना ६ लॅपटॉप पुरतात, आणि पुढे सांगते त्या कारणाने ६च बरे. जुने चालतात. ओळखीपाळखीत विचारा; नोकरदारांच्या घरी कपाटावर एखादा पडून असतोच. स्क्रॅचचं ॲप आधीच उतरवून पेन ड्राइव्हवरून सगळीकडे बसवून ठेवा. मग वर्गात इंटरनेट नसलं तरी अडत नाही, आणि ते नसतंच.

वायरचे साधे माऊस विकत घ्या. टचपॅडवर बोट दाबून ठोकळे ओढणं नवख्या हातांना जमत नाही आणि "मलाच येत नाही" असं वाटायला लागतं. ही बचत करू नका. एक लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड हवा. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या लाईट गेल्यावर दहा-पंधरा मिनिटं तग धरतात, म्हणून दर थोड्या वेळाने फाईल जपायची सवय लावा.

"मोबाईलवर नाही का चालणार?" हा प्रश्न हमखास येतो. स्क्रॅचचे तयार प्रकल्प मोबाईलवर बघता येतात, पण छोट्या पडद्यावर नवे रचणं जमत नाही. टॅबलेट असेल तर जमतं.

४. पहिला शनिवार: रांगोळी

"संगणक म्हणजे काय" हे सांगू नका. "व्हेरिएबल म्हणजे डबा" हेही नको. मी पहिल्या बॅचला चाळीस मिनिटं हे सगळं सांगितलं होतं. त्या चाळीस मिनिटांत एका मुलीने माझ्या ओढणीवरची नक्षी वहीत हुबेहूब काढली. पुढच्या वेळी मी नक्षीपासूनच सुरुवात केली.

स्क्रॅच उघडा. खालच्या डाव्या कोपऱ्यातून पेनची जोडणी घ्या. मग मुलींकडून हे रचून घ्या: हिरवा झेंडा दाबल्यावर सगळं पुसायचं, पडद्यावरच्या मांजराला (स्क्रॅचमध्ये ते आधीपासून असतंच) मधोमध शून्य-शून्यवर आणायचं, दिशा ९० करायची, पेन टेकवायचं. मग ४ वेळा: १०० पावलं चाल, ९० अंश वळ. चौकोन तयार. हा पूर्ण चौकोन आणखी एका "पुन्हा कर" च्या पोटात घाला, ३६ वेळा, आणि दर चौकोनानंतर १० अंश वळवा. मांजर लपवा, झेंडा दाबा.

खोलीतला आवाज त्या क्षणी बदलतो. ३६ चौकोनांचं चक्र पडद्यावर उमलतं आणि कुणीतरी हटकून म्हणतं, "ही तर रांगोळी!" आता बोला: ३६ आणि १० च का? १८ घेतले तर किती अंश? मुली ३६० वर स्वतः येतात. बाजू १०० चीच का, हेही विचारा. चौकोनाचा कर्ण साधारण १४१ होतो आणि मधल्या बिंदूपासून वर १८० च जागा आहे. १३० ची बाजू घेतली की कोपरे बाहेर जातात. पायथागोरसला पहिल्यांदाच काहीतरी काम मिळतं.

इथले दोन सापळे. पहिला: त्रिकोण काढायला सांगितलं की सगळ्या जणी ६० अंश घालतात, कारण भूमितीच्या पुस्तकात समभुज त्रिकोणाचा कोन ६० असतो. पडद्यावर येतो अर्धा षटकोन. लगेच उत्तर सांगू नका. फरशीवर खडूने त्रिकोण आखा आणि एकीला मांजर करून त्यावर चालवा. कोपऱ्यावर ती किती वळते ते बाकीच्यांनी बघायचं. वळायचं असतं १२० मधून. पुस्तकातला कोन आतला आणि मांजर वळतं तो बाहेरचा. दुसरा सापळा: प्रोग्राम मध्येच थांबवला की मांजराचं तोंड भलतीकडे राहतं आणि पुढची आकृती कलते. दिशा ९० करणारा ठोकळा सुरुवातीला घातला असेल तर हे होत नाही. घातला नसेल तर अजून छान, शोधायला सांगा.

माझी एक मैत्रीण यावर चिडली होती: "मुली म्हणून रांगोळीच का? मुलांना रोबो आणि यांना रांगोळी?" मुद्दा खरा आहे. गुलाबी पोस्टर आणि फुलपाखरं मलाही सहन होत नाहीत. पण ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या मुलीला पुनरावृत्ती आणि सममिती आधीच हातात असते. त्याला कुणी गणित म्हणत नाही एवढंच. दुसऱ्या शनिवारी मात्र गेमच घ्या, आणि तोही मुलींनी ठरवलेला. आमच्याकडे एका बॅचने टाकीवरच्या माकडाला दगड न मारता हुसकवण्याचा गेम केला होता.

५. माऊसचा नियम

हे नीट वाचा, बाकी विसरलात तरी चालेल.

एका लॅपटॉपवर दोघी. जिच्या हातात माऊस, तिने स्वतःच्या मनाने काही करायचं नाही. शेजारची सांगेल ते करायचं. शेजारचीने तोंडाने सांगायचं, हात लावायचा नाही. दर १० मिनिटांनी अदलाबदल. मी स्टीलच्या डब्यावर चमचा वाजवते. ठण्ण झालं की वाक्य अर्धं असलं तरी माऊस पलीकडे. सुरुवातीला कटकट होते, "थांबा ना, एवढंच." थांबायचं नाही. कारण थांबलात तर एक करणारी आणि एक बघणारी अशी वाटणी तिसऱ्या शनिवारपर्यंत पक्की होते, आणि ती मुली-मुलींतही होते. इंग्रजी शाळेतली आणि मराठी शाळेतली असली की हमखास. विचारून जोड्या लावू नका, चिठ्ठ्या टाका.

पण माऊस पळवणारा सगळ्यात मोठा चोर म्हणजे शिकवणारी. मुलगी अडकते, तुम्ही वाकता, "बघ, हे असं" म्हणता आणि तीन सेकंदांत दुरुस्त करून पुढे जाता. तिला काय कळलं? की हे ताईंना येतं. मी आता फिरताना हात पाठीमागे बांधते. फार खाज सुटली तर प्रश्न विचारते: "मांजर आता कुठे उभं आहे? पुढचा ठोकळा त्याला काय सांगतोय?" पालक असाल तर घरीही हेच. आणि मदतीला आलेल्या दादालोकांना आधीच बजावा. इंजिनिअरिंगचे मुलगे मनाने चांगले असतात, पण त्यांची बोटं कीबोर्डवर आपोआप जातात.

६. चूक पुसायची नाही

मुलींच्या वह्या पाहिल्यात? खाडाखोड नाही. प्रोग्राम चुकला की त्या सगळे ठोकळे टाकून कोरा पडदा करतात आणि तुम्ही जवळ गेलात की म्हणतात, "अजून केलंच नाही." म्हणून नियम: चुकलेले ठोकळे ओढून बाजूला ठेवायचे, टाकायचे नाहीत. जोडीला एक चुकांची वही. तीन रकाने: काय व्हायला हवं होतं, काय झालं, काय बदललं. दर शनिवारी शेवटच्या दहा मिनिटांत एकेक चूक वाचून दाखवायची. सगळ्यात विचित्र चुकीला पेरू.

इथे पतंग किड्याची एक गोष्ट सांगायला हरकत नाही. १९४७ साली हार्वर्डच्या मार्क टू संगणकाच्या रिलेमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये, खराखुरा पतंग किडा अडकलेला सापडला आणि तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवून ठेवला. संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर त्याच गटात होत्या. "बग" म्हणजे किडा; दोषासाठी हा शब्द त्याआधीही वापरात होता, त्यामुळे शब्दाचा जन्म तिथे झाला असं मात्र सांगू नका. मुलींना आवडतो तो चिकटवलेला पतंग: चूक वहीत जपून ठेवणारी मोठी माणसं!

७. हातात धरायच्या वस्तू

चौथ्या-पाचव्या शनिवारी पडद्याबाहेर पडा. माझी पसंती मायक्रोबिटला. बीबीसीने २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या ११-१२ वर्षांच्या शाळकरी मुलांना वाटण्यासाठी आणलेला हा प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड: २५ लाल दिवे, दोन बटणं, हालचाल ओळखणारा सेन्सर, होकायंत्र. साधारण दोन हजारांच्या आसपास मिळतो. दोन-तीन पुरतात, कारण मेककोड या मोफत साधनात पडद्यावरच एक खोटा मायक्रोबिट असतो. प्रोग्राम आधी त्यावर चालवून बघायचा, मग खऱ्यावर.

प्रकल्प: दोरीच्या उड्या मोजणारं यंत्र. "हलवल्यावर आकडा १ ने वाढव" एवढाच प्रोग्राम. बोर्ड केसांच्या रबरने घोट्याला बांधायचा. उड्या १० आणि आकडा १९ किंवा २२! का? एका उडीत पाय वर जाताना हिसका बसतो, टेकताना दुसरा. मुलीच उपाय काढतात: मोजल्यावर ३०० मिलिसेकंद थांब. मग कुणीतरी पटापट उड्या मारून ते यंत्र फसवतं. मंगळागौरीच्या दिवसांत एका बॅचने होकायंत्र वापरून फुगडीचे फेरे मोजायचा घाट घातला. बोर्ड वाकडातिकडा करून आधी पडदा दिव्यांनी भरावा लागतो, त्याशिवाय होकायंत्र चालत नाही. एवढं केलं, पण रंगात आलेल्या फुगडीपुढे त्याचे आकडे काही टिकले नाहीत. प्रयोग फसला, हशा झाला, चुकांची वही अडीच पानं भरली.

शेतकरी घरच्या मुलींना आर्डुइनो हा असाच दुसरा बोर्ड आणि मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर जास्त भावतो. एकदा कोरड्या मातीतला आकडा घ्यायचा, एकदा ओल्या, आणि दिवा कधी लागावा ते मधला आकडा धरून ठरवायचं. दोन उघड्या पात्यांचा स्वस्त सेन्सर मातीत सतत ठेवला की गंजतो. मोजून झालं की काढून पुसून ठेवा, किंवा थोडे जास्त पैसे देऊन कपॅसिटिव्ह प्रकारचा, म्हणजे पाती उघडी नसलेला, घ्या.

इथे माझे अख्खे दोन शनिवार ज्यांनी खाल्ले ते सापळे असे:

– केबल. मोबाईलच्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. बोर्डवरचा दिवा लागतो, पण संगणकाला बोर्ड दिसत नाही. चालणाऱ्या केबलला रंगीत दोरा बांधून ठेवा.
– आर्डुइनोच्या स्वस्त नकलांमध्ये बहुधा सीएच३४० नावाची चिप असते. तिचा ड्रायव्हर (संगणकाला ती ओळखता यावी म्हणूनचा छोटा प्रोग्राम) आधीच बसवा, नाहीतर पोर्टच्या यादीत काही येणार नाही.
– एलईडी थेट जोडायचा नाही, मध्ये २२० ओहमचा रेझिस्टर हवा.
– घरच्या विजेला, मोटरला, स्टार्टरला हात नाही. "ताई, याने विहिरीची मोटर चालू करता येईल का?" असं पाचव्या शनिवारी कुणीतरी विचारतंच. उत्तर एकच: येईल, पण आपण आत्ता यूएसबीच्या ५ व्होल्टवरच राहायचं.

८. घरचा प्रश्न

सहाव्या शनिवारी प्रत्येकीने घरातला एक प्रश्न आणायचा. "समाजोपयोगी प्रकल्प" असं म्हणू नका, नाहीतर सगळ्या जणी प्रदूषण आणतील.

आठवीतल्या एकीच्या घरचं दूध डेअरीला जातं. दहा दिवसांनी पगार होतो. तिने स्क्रॅचमध्ये रोजचे लिटर आणि फॅटनुसार दर घालून बिलाचा हिशेब केला. व्हेरिएबलची नावं देवनागरीत ठेवता येतात, म्हणून तिचे डबे "सकाळ", "संध्याकाळ", "दर" असे होते. हिशेब डेअरीच्या स्लिपशी जुळेना. वडील तावातावाने स्लिप घेऊन निघाले. आजी म्हणाली, "अरे, पेंडेची दोन पोती उचललीस ना?" पेंडेचे पैसे कापले होते. प्रोग्राम बरोबर होता, त्याला पेंड ठाऊक नव्हती. मुलीने "कपात" नावाचा नवा डबा केला. त्या घरात आता "मोबाईलचं वेड लागेल" असं कुणी म्हणत नाही.

कल्पना हव्या असतील तर धारावीतल्या मुलींचं उदाहरण सांगा. धारावी डायरी या उपक्रमात त्यांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या ॲप इन्व्हेंटरवर ॲप बनवली. त्यातलं एक सार्वजनिक नळावर पाणी भरायची पाळी आली की कळवणारं होतं. ॲप इन्व्हेंटरला रचण्यासाठी संगणक आणि तपासण्यासाठी फोन हवा, त्यामुळे ही दुसऱ्या बॅचची गोष्ट.

आठवा शनिवार घरच्यांचा. भाषणं नाहीत, हारतुरे नाहीत. आई किंवा आजी खुर्चीवर बसणार, माऊस तिच्या हातात, आणि मुलीने फक्त तोंडाने सांगायचं. रांगोळीचे ३६ चौकोन आईने काढायचे. या दिवशी चहा जास्त सांगा, कुणी लवकर उठत नाही.

९. नंतर कुठे पाठवायचं

तालुक्यात कुठल्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे हाताने वस्तू बनवून शिकायची प्रयोगशाळा, आहे ते शोधा. नीती आयोगाच्या या योजनेत शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, सहावी ते बारावीसाठी. सामान कपाटात कुलूपबंद असण्याची शक्यता भरपूर. अर्ज करा, शनिवार मागा. नववी ते बारावीच्या मुलींसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची विज्ञान ज्योती योजना आहे, तिची चौकशी जिल्ह्याच्या जवाहर नवोदय विद्यालयात होते. पुणे जिल्ह्यात असाल तर पाबळचा विज्ञान आश्रम एकदा दाखवून आणा. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या या जागेत २००२ पासून फॅब लॅब, म्हणजे संगणकावर आखलेली वस्तू यंत्रांनी प्रत्यक्ष बनवायची कार्यशाळा, आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या उपक्रमाचे बरेच धडे मराठीत ऐकता येतात.

भिंतीवर शास्त्रज्ञ स्त्रियांचे फोटो लावायचे का? लावा. कमला भागवतांची, म्हणजे पुढच्या कमला सोहोनींची गोष्ट सांगा: १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला, त्या हटून बसल्या, अटींवर आत गेल्या आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेतली. मुली मन लावून ऐकतात. पण खरा परिणाम होतो तो त्याच गल्लीतल्या, त्याच शाळेतून गेलेल्या, चार वर्षांनी मोठ्या ताईचा. पहिल्या बॅचमधल्या त्या उरलेल्या पाच जणींतली एक आता बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. आमची सध्याची बॅच तीच घेते, मी मागे बसून हजेरी भरते.

अशी मुलगी मिळाली तर तिला मानधन द्या. "शिकायला मिळतंय ना" म्हणून फुकट राबवू नका. आम्ही शनिवारचे ३०० रुपये देतो, वाचनालयाच्या व्हाउचरवर तिची सही घेऊन.